साडेसहा मिनिटं उशीर: माझ्या पहिल्या ट्रायथलॉनच्या नोंदी

स्पर्धा ऑलिंपिक अंतराची होती: दीड किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल, १० किलोमीटर धावणं. पोहणं कोल्हापूरच्या राजाराम तलावात. वेळेची मर्यादा चार तास. मला ४ तास ६ मिनिटं ३० सेकंद लागले, त्यामुळे निकालाच्या यादीत माझ्या नावापुढे वेळ नाही, रेघ आहे.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, वय ४१. जूनपासून एका वहीत रोजचं लिहीत होते, त्यातलंच इथे उतरवते आहे. नोकरी, घर, सणवार सांभाळून कुणी यात उतरत असेल तर माझा गेलेला वेळ आणि पैसा त्यांचा तरी वाचावा. डॉक्टरांकडून तपासणी करून घेतली होती, ती आधी करा.

३ जून

टँकची फी भरली, महिना १,२०० रुपये. मला पोहता येतं हे मी धरूनच चालले होते. कागल तालुक्यात मामांच्या विहिरीवर शिकले मी. मामांनी पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या, तरंगणाऱ्या लाकडाचा बिंडा बांधून आत ढकललं, चौथ्या दिवशी बिंडा सुटला. तेव्हापासून पाण्याची भीती अशी कधी वाटलीच नाही.

आज २५ मीटरच्या चार फेऱ्यांत दम संपला. स्पर्धेत अशा ६० मारायच्या आहेत. टँकवरचे सर काठावर उभे राहून बघत होते. म्हणाले, "बाई, डोकं वर आहे म्हणून पाय खाली बुडतात. तुम्ही पाणी कापत नाही, ढकलत चाललाय." विहिरीत आम्ही सगळी पोरं मान वर काढूनच पोहायचो. समोरच्याच्या अंगावर जाऊ नये म्हणून ती सवय. आता ३० वर्षांची सवय मोडायची आहे.

१४ जून

दहा दिवस फक्त एकच काम: तोंड पाण्यात, श्वास पाण्यातच नाकातोंडाने पूर्ण सोडायचा, मग बाजूला वळून घ्यायचा. दम लागत होता तो हवा कमी पडते म्हणून नव्हे, आतली हवा बाहेर टाकत नव्हते म्हणून. हे कळल्यावर चार फेऱ्यांच्या दहा झाल्या. उद्यापासून शाळा, म्हणजे पहाटे पाचला उठणं आलं.

१८ जून

सायकल घेतली. जुनी रोड बाईक, २४,००० रुपये. नवी परवडणारी नव्हती. ही स्वस्त पडते म्हणून घेतली आणि इथे पहिली मोठी चूक केली: फ्रेम ५४ साइजची आहे, माझी उंची पाच फूट दोन इंच. विकणारा म्हणाला, सीट खाली घेतली की झालं. सीट खाली येते, पण हँडल जवळ येत नाही. २० किलोमीटरवर दोन्ही हातांच्या करंगळ्या बधिर, मानेत कळ.

३० जून

सायकल दुरुस्त करणाऱ्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता. ते म्हणाले, "बाई, आधी मला दाखवायची की हो." हँडल जोडणारा तुकडा, म्हणजे स्टेम, आखूड बसवला (९०० रुपये), सीट थोडी पुढे सरकवली. करंगळ्यांचं बधिर होणं गेलं, मान अजून दुखते. माझ्या उंचीला ४८ किंवा ५० ची फ्रेम हवी होती. चार हजार जास्त घालून योग्य मापाची घेतली असती तर बरं, असं आज वाटतं. सायकल घ्यायला जाल तेव्हा रंग, गिअर, कंपनी नंतर. आधी दोन्ही पाय टेकवून उभं राहून बघा आणि किमान अर्धा तास चालवून बघा.

हवेचं पण शिकले. टायरच्या कडेला १२० पीएसआय (हवेचा दाब) छापलेलं दिसलं म्हणून मी ११५ भरत होते. ती कमाल मर्यादा असते. माझं वजन ६० किलो, आमच्या रस्त्यांना ८० पुरते. आज ८० वर चालवली, हातांना बसणारे दणके निम्म्यावर आले.

१३ जुलै

रंकाळ्यावर धावणं. सलग पाच किलोमीटर जमलं, ३५ मिनिटं. शाळेत दिवसभर उभं राहून पोटऱ्या आधीच भरलेल्या असतात, म्हणून संध्याकाळचं धावणं बंद केलं. सकाळीच.

आत्तींनी (सासूबाईंनी) आज पहिल्यांदा माझा पोहण्याचा-सायकलचा एकसंध सूट दोरीवर वाळताना पाहिला. मी काय बोलतील याची तयारी करून बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "पहाटे थंडी नाही वाजत यात?" संध्याकाळी राजगिऱ्याचे लाडू वळून डब्यात भरून ठेवले.

२६ जुलै

पूर. पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली. टँक बंद, निम्मे रस्ते बंद, शाळेला सुट्टी. वर्गातल्या तीन मुलांच्या घरात पाणी आहे, त्यांच्या पुस्तकांची आणि कपड्यांची सोय बघण्यात दिवस जातो. सराव १२ दिवस शून्य. याबद्दल हळहळ नाही.

११ ऑगस्ट

पन्हाळा. कोल्हापुरातून साधारण २० किलोमीटर, वाघबीळपासून खरा चढ. तीनदा थांबले, पण ढकलली नाही. वर धुकं आणि झुणका-भाकरी. उतरताना रस्ता ओला होता. मागचा ब्रेक जास्त, पुढचा हलका हलका, वळणाच्या आधी वेग कमी, वळणात ब्रेक नाही, असं नवऱ्याने मागून स्कूटरवरून ओरडून ओरडून सांगितलं.

चढावर पुढचं मोठं चेनव्हील सोडून लहानावर येताना चेन आतल्या बाजूला पडली. मागून येणाऱ्या एका सायकलवाल्या दादांनी एका मिनिटात चढवून दिली. मी आभार मानले आणि पुढे निघाले. (तिथेच थांबून "मला शिकवा" म्हणायला हवं होतं. याची किंमत ऑक्टोबरमध्ये मोजली.)

७ ते १७ सप्टेंबर

गौरी-गणपती. काहीही नाही. दोनदा पहाटे धावायला बाहेर पडायचं ठरवलं, आदल्या रात्री एकपर्यंत करंज्या, झोपच झाली नाही. सणाच्या आठवड्यात सराव होईल असं वेळापत्रक बनवू नका, ते फक्त मनाला खातं.

२२ सप्टेंबर

सायकलवरून उतरून लगेच धावायचं, याला ब्रिक म्हणतात. आज पहिल्यांदा केलं. ३० किलोमीटर सायकल, मग तीन किलोमीटर धावणं. पहिला किलोमीटर पाय माझे नव्हतेच. मांड्या लाकडासारख्या आणि पाऊल टाकलं की गुडघा कुठे जाणार याचा भरवसा नाही. दीड किलोमीटरनंतर पाय सुटले. हे जूनपासून दर आठवड्याला करायला हवं होतं, एवढ्या उशिरा नाही. स्पर्धेपर्यंत असे चारच होतील.

६ ऑक्टोबर

खुल्या पाण्याचा सराव, राजाराम तलाव. पोहणाऱ्यांच्या एका गटाबरोबर गेले, कमरेला नारिंगी फुगा बांधून. एकटीने कधीही जाऊ नका, हे नियम म्हणून धरा.

टँकमध्ये तळाला काळी रेघ असते, तिच्यावरून जायचं. इथे पावसाळ्यानंतरचं पाणी, तोंड आत घातलं की हिरवट-तपकिरी अंधार, पुढे केलेला स्वतःचा हात कोपरापुढे दिसत नाही. छाती धडधडायला लागली. विहिरीत वाढलेल्या मला पाण्यात भीती वाटली, याचा धक्का जास्त होता. उताणी झाले, आकाशाकडे बघत वीस श्वास मोजले, मग पुन्हा पालथी. दुसऱ्या खेपेला बरं गेलं. ८०० मीटर.

गटातल्या एका ताईंनी सांगितलं की दर आठ-दहा हातांनी डोळे पाण्याबाहेर काढून लांबची खूण बघायची. फक्त डोळे, अख्खं डोकं नाही. मी हो म्हटलं आणि आज तीन-चारदा केलं. नवरात्र आणि शाळेच्या चाचण्यांमुळे तलावावर पुन्हा येणं झालं नाही.

१९ ऑक्टोबर

नंबर, टोपी, घोट्याला बांधायची, वेळ मोजणारी चिप मिळाली. सायकल स्टँडला लावून आले. मनात आखलेल्या वेळा: पोहणं ४० मिनिटं, कपडे बदलून सायकल घेणं ४, सायकल १ तास ३६, सायकल ठेवून बूट घालणं ३, धावणं १ तास १०. एकूण ३ तास ३३. हाताशी २७ मिनिटं. मला ती पुष्कळ वाटली.

पाणी: एक लिटरमध्ये सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, दोन लिंबं. सायकलवर दोन बाटल्या.

आतापर्यंतचा खर्च लिहून ठेवते. सायकल २४,०००, स्टेम ९००, हेल्मेट १,७००, धावण्याचे बूट ४,२००, सूट २,९००, दोन गॉगल १,१५०, टँक चार महिने ४,८००, ट्यूब-पंप-पंक्चरचं सामान १,३५०, प्रवेश फी ३,२००. एकूण ४४,२०० रुपये. दोन वर्षं बाजूला टाकत आलेले पैसे होते.

२० ऑक्टोबर, रविवार

हे सगळं त्याच संध्याकाळी लिहिलं. पाय बादलीत होते.

सुरुवात साडेसहाला. त्याआधी काठावर उभं राहून मानेला, काखेत खोबरेल तेल लावलं. सूटच्या शिवणीने मान सोलते, म्हणून आत्तींनी छोट्या बाटलीत दिलं होतं. हात टॉवेलला पुसले असं मला वाटलं. मग गॉगल लावला, नीट बसला नाही म्हणून काढला, काचेवर धुकं होतं ते अंगठ्याने आतून पुसलं, पुन्हा लावला. तेवढ्यात शिट्टी.

पहिले शंभर मीटर लाथा आणि कोपरं. ते ठाऊक होतं, मी कडेने निघाले होते. मार्ग दाखवणारा पहिला केशरी फुगा बघायला डोळे वर काढले, तर समोर सगळं पिवळट आणि विरघळलेलं. काचेच्या आतल्या बाजूला तेलाचा पातळ थर होता. पूर्वेचं ऊन त्यावर पडलं की नुसतं लखलखतं, मागचं काही दिसत नाही. थांबून गॉगल काढला, पाण्यात धुतला. खोबरेल तेल पाण्याने कुठे जातं? बोटं फिरवली तसं ते जास्तच पसरलं. तीनदा थांबले. चौथ्यांदा छोट्या होडीतला मुलगा ओरडला, "ताई, उजवीकडं! लय डावीकडं आलाय!" मी फुग्याच्या रांगेपासून चांगली लांब, काठाच्या दिशेने चालले होते. त्यापुढे गॉगल कपाळावर सरकवला आणि मामांच्या विहिरीतलं पोहणं पोहले, मान वर, डोळे उघडे. हळू, पण सरळ. बाहेर आले तेव्हा घड्याळात ४७ मिनिटं २० सेकंद.

सायकल लावली होती ती रांग सापडेना. काल संध्याकाळी लावली तेव्हा स्टँड अर्धा रिकामा होता, आज सगळीकडे सायकली. दोन रांगा चुकून तिसऱ्या रांगेत माझी निळी. बसले, ओल्या पायांत मोजे चढवायला लागले. ओल्या तळव्यावर मोजा सरकतच नाही, अर्ध्यावर गुंडाळी होते. ती गुंडाळी तशीच ठेवली तर फोड येणार, म्हणून काढून पुन्हा. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नसतो, ते लक्षात होतं, पण बोटं गार पडलेली, खटका बसेना. सगळं मिळून ८ मिनिटं १० सेकंद. मी घड्याळ बघितलं आणि माझा तोल गेला.

तोल गेला म्हणजे असं: गेलेला वेळ सायकलवर भरून काढते, असं ठरवलं. रस्ता महामार्गाच्या कडेने कागलच्या दिशेला, गोकुळ शिरगाववरून, दोन फेऱ्या. जाताना वारा पाठीशी. पहिले दहा किलोमीटर साडेवीस मिनिटांत. ताशी २९. सरावात मी २५ च्या वर सलग कधी चालवलेली नाही. छान वाटत होतं. आपल्यात एवढं बळ होतं, असं वाटत होतं.

परतताना वारा समोर. एका स्पीडब्रेकरवर मागची बाटली उडाली, मीठ-साखरेची, भरलेली. तिच्या गडगडण्याचा आवाज ऐकला आणि थांबले नाही, कारण वेळ. तो निर्णय चुकला. थांबून उचलायला अर्धं मिनिट लागलं असतं.

दुसऱ्या फेरीत, छोट्या चढावर, पन्हाळ्यावर झालं तेच झालं. पैडलवर पूर्ण जोर असताना पुढचा गिअर बदलला आणि चेन आतल्या बाजूला पडून फ्रेमला घासायला लागली. उतरले. शेजारी एक स्वयंसेवक मुलगा उभा होता, त्याला येत असावं, पण स्पर्धेत बाहेरच्याची मदत घ्यायची नसते आणि मी मागितली नाही. हात काळे, चेन दोनदा चढली असं वाटून पुन्हा पडली. शेवटी वर्गात मुलांना सांगते तसं स्वतःला सांगितलं, घाई सोड, आधी बघ. मागच्या गिअरची दांडी पुढे ढकलली की चेन सैल होते, हे तिथे उभं राहून कळलं. पाच मिनिटं. सायकल एकूण १ तास ४३ मिनिटं ४० सेकंद.

बूट बदलताना पोटरी पहिल्यांदा वळली. ४ मिनिटं ३५ सेकंद.

धावायला निघाले तेव्हा सव्वानऊ होत होते. ऑक्टोबरचं ऊन. हाताशी ७६ मिनिटं होती, अडीच किलोमीटरच्या चार फेऱ्या. पहिली १६ मिनिटांत झाली आणि जमेल असं वाटलं. दुसरी १९. तिसऱ्या फेरीत दोन्ही पोटऱ्या आळीपाळीने गोळा यायला लागल्या. झाडाला हात लावून ताणायची, शंभर पावलं चालायची, पन्नास धावायची. तोंड कोरडं, पाणी प्यायलं की पोटात डुचमळतं. ती फेरी २४ मिनिटांची. पाणवठ्यावरच्या आजोबांनी मीठ लावलेली संत्र्याची फोड हातावर ठेवली. तेवढी एकच चव आज मला आठवते आहे.

तिसरी फेरी संपली तेव्हा १७ मिनिटं उरली होती आणि माझ्या पायांना ते जमणार नाही हे मला कळलं होतं. वर्गातला एक मुलगा भागाकार चुकतोय हे कळलं की पाटी पुसून टाकतो. त्याला मी नेहमी सांगते, पुसू नको, शेवटपर्यंत कर, कुठे चुकलं ते मग दिसेल. मी चौथी फेरी पूर्ण केली.

शेवटच्या वळणावर माझी मुलगी उभी होती. नवरा काही बोलला नाही. ती म्हणाली, "आई, चार तास मघाशीच संपले." मग बाजूने माझ्याबरोबर धावत आली, शाळेच्या चपलांवर. कमान अजून उभी होती. घड्याळात ४:०६:३०.

२२ ऑक्टोबर

दोन दिवस जिना उलटा उतरले. आता हिशेब.

ठरवलेल्यापेक्षा जास्त गेलेला वेळ: पोहणं ७ मिनिटं २०, पहिलं बदलणं ४:१०, सायकल ७:४०, दुसरं बदलणं १:३५, धावणं १२:४५. एकूण साडेतेहतीस मिनिटं. त्यातली २७ माझ्याकडे शिल्लक होती, साडेसहा नव्हती.

टँकवरचे सर म्हणाले, धावणं कमी पडलं, धावणं वाढवा. सगळ्यात मोठा आकडा तिथेच आहे, त्यामुळे कुणीही तेच म्हणेल. मला ते पटत नाही. सरावात दहा किलोमीटर मी ७० मिनिटांत दोनदा धावले आहे. ते पाय कुठे गेले? ते पहिल्या दहा किलोमीटरच्या २९ च्या वेगात गेले आणि स्पीडब्रेकरवर पडलेल्या बाटलीत गेले. चार तासांत मी जेमतेम एक बाटली प्यायले.

चेन: ५ मिनिटं. ही अंगातली ताकद वाढवून परत मिळणारी नाहीत. मोजे आणि रांग: ४ मिनिटं. तेल: वहीत ४ मिनिटं लिहिली. नुसत्या या तिघांचीच १३ होतात. साडेसहाच्या दुप्पट. आणि या तिन्हींसाठी पहाटे उठावं लागत नाही, फी नाही, महागडं सामान नाही. अंगणात, जेवणानंतर, दिव्याखाली करण्यासारखी कामं होती ती. चार महिन्यांत मी त्यांना एकही दिवस दिला नाही, कारण ती मला सरावच वाटली नाहीत. याचं मला खरंच वाईट वाटतं आहे, रेघेपेक्षा जास्त.

२४ नोव्हेंबर

मधला महिना दिवाळी आणि निवडणुकीच्या ड्युटीत गेला. मतदान २० ला झालं, काल मतमोजणी. आजपासून पुन्हा.

सायकल घेऊन दुरुस्तीवाल्यांकडे गेले आणि म्हटलं, मला दुरुस्त करून नको, शिकवा. त्यांनी स्टुलावर बसवून चेन आठ वेळा पाडली आणि आठ वेळा माझ्याकडून चढवून घेतली. मागची दांडी डाव्या हाताने पुढे, चेन सैल, लहान चेनव्हीलच्या दोन-तीन दातांवर अडकवायची, पैडल हाताने सावकाश फिरवायचं. आठव्या वेळी १८ सेकंद. आतल्या बाजूला पडू नये म्हणून पुढच्या गिअरचा एक स्क्रू पाव आट्याहून कमी फिरवला, तो मुळातच सैल होता. "आणि बाई, चढ यायच्या आधी गिअर टाका. जोर लावलेला असताना नाही," हे वर. पैसे घेतले नाहीत. बाटलीचा पिंजरा बोटांनी दाबून आवळून दिला.

संध्याकाळी अंगणात दोरी बांधून सायकल टेकवली. बादलीत पाय बुडवायचे, मुलगी घड्याळ लावते, मी मोजे-हेल्मेट-सायकल. पहिल्या खेपेला ३ मिनिटं ४०. मग मोजे सोडून दिले, बुटांत आतून पावडर टाकली, नाडीच्या जागी लवचिक इलॅस्टिक ओवलं. १ मिनिट ५०. सातव्या खेपेला १ मिनिट २०. आत्ती पायरीवर बसून मोजत होत्या, त्यांचा आकडा मुलीच्या घड्याळापेक्षा दोन सेकंदांनी कमी यायचा. मोज्यांशिवाय दहा किलोमीटर धावून फोड येतात का, हे अजून बघायचं आहे. आले तर दुसऱ्या बदलण्यात, कोरड्या पायांवर घालेन.

८ डिसेंबर

राजाराम तलाव, गटाबरोबर. पाण्यावर वाफ, पाणी आता बरंच निवळलं आहे. तेल न लावता गॉगल, धुकं धरू नये म्हणून आतून लाळ आणि लगेच खंगाळणं. हात घरून निघतानाच साबणाने धुतले होते.

पलीकडच्या काठावरचं एक उंच झाड धरून पोहले. आठ हात, डोळे वर, झाड. आठ हात, डोळे वर, झाड. स्वच्छ दिसत होतं. आणि तरीही दर खेपेला झाड उजवीकडे सरकलेलं. म्हणजे मी डावीकडेच जात होते, काच स्वच्छ असताना, वारा नसताना.

बाहेर आल्यावर मुलीने काठावरून मोबाइलवर घेतलेलं चित्रण ताईंनी बघितलं आणि दोनदा मागे नेऊन मला दाखवलं. माझा उजवा हात डोक्यासमोरून ओलांडून डाव्या बाजूला पडतो. डावा सरळ पडतो. दर हाताला अंग थोडं थोडं डावीकडे वळतं. टँकमध्ये तळाची रेघ बघून मी नकळत ते सावरत होते, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

घरी येऊन २२ ऑक्टोबरची नोंद काढली. तेलापुढे लिहिलेली चार मिनिटं खोडली. दोन तेलाला, दोन उजव्या हाताला. उद्यापासून टँकमध्ये डोळे मिटून सहा-सहा हात, मग उघडून बघायचं, रेघ कुठे आहे.